हापूसच्या बागेसाठी भंगारातून हायब्रिड मोटरसायकल

शंभर सीसीची जुनी गाडी, एक किलोवॅटची बीएलडीसी (म्हणजे ब्रश नसलेली डीसी) मोटर आणि लिथियम सेलची पेटी एवढ्या सामानातून बागेत राबणारी हायब्रिड मोटरसायकल उभी राहते. सपाटीला आणि संथ फेऱ्यांना मोटर, चढाला इंजिन. कोकणात या जोडणीला अर्थ आहे, कारण इथे सलग सपाटी कुठेच नाही. सड्यावर थोडं सपाट, मग व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) उतार, पुढे पुन्हा चढ. नुसती मोटर चढाला दमते, आणि नुसतं इंजिन असेल तर आंब्याच्या पेट्या भरताना दर झाडाखाली बंद-चालू करत बसावं लागतं.

आधी कायद्याचं सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं आहे. घरी जोडलेली हायब्रिड गाडी त्यामुळे गडग्याच्या आतच फिरवायची. एमएच-०७ किंवा एमएच-०८ ची जुनी पाटी लावली म्हणून ती रस्त्यावर चालत नाही, आणि अपघात झालाच तर विम्याचीही आशा नको. भंगारातून गाडी घेताना चेसिस नंबर आणि कागद जुळतात ना, एवढं बघूनच पैसे द्यावेत.

आता हिशेब. गाडी, माणूस आणि ओझं मिळून २०० किलो धरू. सपाटीवर ताशी ३० किलोमीटरला चाकाशी साधारण साडेचारशे वॉट लागतात. चेन, मोटर आणि मोटरला वीज मापून देणारा कंट्रोलर यांतली गळती धरून बॅटरीतून साडेपाचशे-सहाशे. याच वेगाने शंभर मीटरला पाच मीटर चढ आला की नुसत्या चढासाठी आणखी आठशे वॉट लागतात, म्हणजे बॅटरीतून सतराशेच्या आसपास. एक किलोवॅटच्या मोटरकडून हे मिनिटभर घेता येतं, दहा मिनिटं नाही. वेग पडतो, करंट वाढतो, आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्यामुळे वाइंडिंग जळतं. चढ इंजिनलाच द्यायचा, असं म्हणतो ते म्हणूनच.

गाडी स्प्लेंडरच्या जातीची घ्यावी. ९७.२ सीसी, चार गिअर, वजन ११० किलोच्या आसपास, आणि सुटा भाग मिळणार नाही असा तालुका कोकणात सापडायचा नाही. पण भंगारातलं इंजिन घेताना एक शंका मनात ठेवावी. जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात असंख्य गाड्या बुडाल्या, आणि बुडालेली इंजिनं धुऊन-पुसून पुढे विकली जातात. ऑईलचा बोल्ट सोडून पहिल्या धारेत राखाडी गाळ किंवा दुधाळ ऑईल आलं तर इंजिन बुडालेलं आहे असं समजावं. डावीकडचं मॅग्नेट कव्हर काढून क्रँक हाताने सावकाश फिरवा. मध्येच खरखर लागली तर क्रँकच्या बेअरिंगला गंजाचे खड्डे पडलेत. असं इंजिन चालू होतं, आठवडाभर छान चालतं आणि मग भणभणायला लागतं. क्रँक उघडायची तयारी नसेल तर ते सोडून द्यावं.

मोटर कुठे बसवायची यावर बरेचजण घाई करतात. पुढच्या चाकात हब मोटर टाकणं वरवर सोपं दिसतं. पण स्प्लेंडरचा पुढचा एक्सल बारीक असतो, हब मोटरचा जाड आणि दोन बाजूंनी चपटा. तो बसवायला शॉकअपच्या ॲल्युमिनियमच्या टोकाला मोठं भोक पाडलं की तिथली भिंत पातळ होते आणि मोटरच्या झटक्याने एक दिवस फुटते. पुढचा ब्रेकही जातो. शिवाय ओल्या जांभ्यावर वळणात पुढच्या चाकाला ओढ मिळाली की चाक सरकतं आणि सावरायला वेळ मिळत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे गरम मोटर व्हाळाच्या गार पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि एक्सलच्या वायरीच्या भोकातून पाणी आत ओढलं जातं. आधी मोटरची स्थिती कंट्रोलरला कळवणारे हॉल सेन्सर मरतात, मग मॅग्नेटखाली गंज धरतो.

म्हणून मोटर चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरून खालीवर हलणाऱ्या दोन भुजांवर, आणि पिव्हटच्या, म्हणजे चिमटा चेसिसला जोडला जातो त्या सांध्याच्या, शक्य तितकी जवळ. चिमट्यावरच का, तर चाक खालीवर झालं तरी मोटरपासून चाकापर्यंतचं अंतर बदलत नाही आणि चेनचा ताण कायम राहतो. चेसिसवर बसवली तर प्रत्येक खड्ड्यात चेन सैल-ताठ होत राहते. पिव्हटजवळ असल्यामुळे तिच्या पाच-साडेपाच किलोंचा भार शॉकअपला फारसा जाणवत नाही. ६ मिमी जाडीची प्लेट चिमट्याच्या दोन्ही भुजांना वेल्ड करायची. वेल्डिंग करताना चिमटा गाडीतून काढलेला हवा आणि पिव्हटचे बुश बाहेर हवेत.

मोटर ४८ व्होल्ट, १००० वॉट, ३००० आरपीएमची. स्प्लेंडरच्या मागच्या २.७५-१८ टायरचा घेर साधारण १.८७ मीटर, म्हणजे ताशी ३० किलोमीटरला चाक मिनिटाला २६७ फेरे घेतं. ३००० वरून तिथे यायला अकरास एक असा उतार हवा. एका टप्प्यात तो बसत नाही, दोन टप्पे करावे लागतात. मोटरवरच्या ११ दातांवरून मधल्या शाफ्टवरच्या ४० दातांवर २५एच नंबरची बारीक चेन. मधल्या शाफ्टवरच्या १६ दातांच्या सायकल फ्रीव्हीलवरून (एकाच दिशेने पकडणारं, उलट्या दिशेला मोकळं फिरणारं चक्र) चाकावरच्या ४८ दातांच्या सायकल चक्रावर साधी सायकलची चेन. ३.६४ गुणिले ३, म्हणजे १०.९. सायकलची चेन बघून लोक नाक मुरडतात, पण या टप्प्याला तिच्यावर ३०० न्यूटनच्या आसपास ओढ येते. चढावर उभं राहून पेडल मारणारा माणूस त्याच्या तिप्पट ओढतो.

मधला शाफ्ट २० मिमीचा ईएन-८ पोलादाचा, दोन्ही बाजूंना ६२०४ नंबरची रबर सीलची बेअरिंग. फ्रीव्हीलचे आटे लेथवर नव्याने पाडायला सांगितले की सुताचा घोळ होतो. त्यापेक्षा सायकलच्या जुन्या मागच्या हबचा आट्याचा भाग कापून शाफ्टवर बसवून घ्यावा आणि वेल्डनंतर लेथवर सरळ करून घ्यावा. जवळ लेथवाला नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम डोळे मिटून होतं.

हे फ्रीव्हील सगळ्या जोडणीचा प्राण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इंजिनवर गाडी पळत असताना मोटर फिरता कामा नये. फ्रीव्हील नसेल तर ताशी ६० ला चाक मोटरला जवळपास ५८०० आरपीएमने फिरवेल. अशी फिरणारी मोटर जनरेटर होते आणि ८०-९० व्होल्ट उलटे कंट्रोलरमध्ये ढकलते. ४८ व्होल्टच्या कंट्रोलरमधले कपॅसिटर बहुधा ६३ व्होल्टचे असतात. किल्ली बंद असली तरी हे थांबत नाही, कारण वीज मोटरकडून येते. पहिल्याच उतारावर कंट्रोलर उडतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला दिला जातो.

फ्रीव्हील लावायचं तोंडही महत्त्वाचं. सायकलला ते उजव्या बाजूला असतं आणि चेन त्याला ओढते. आपल्याकडे ते डाव्या बाजूला येतं आणि शाफ्ट चेनला ओढतो. दोन्ही गोष्टी उलटल्यामुळे ते नेहमीच्याच तोंडाने, बाहेरून आत आवळायचं. पकड बरोबर दिशेने धरते आणि चालताना आटे घट्टच होत जातात. उजव्या बाजूला लावलं तर मोटर नुसतीच गरगर फिरेल. फ्रीव्हीलच्या आत ग्रीस भरू नये. ग्रीसने आतली कुत्री (पकडणारे खटके) चिकटतात आणि पकड सुटते. पातळ ऑईलचे चार थेंब पुरे.

चाकाकडे इंजिनच्या ४४ दाती स्प्रॉकेटच्या बाहेरच्या अंगाला ४८ दातांचं सायकल चक्र येतं. त्याचं मधलं काढून, स्प्रॉकेटच्या बोल्टांच्या मापाने भोकं पाडून, स्टीलच्या नळीच्या तुकड्यांनी अंतर द्यायचं. ४२८ ची चेन पिनसकट रुंद असल्यामुळे दोन चेनच्या मध्यरेषांत १६-१७ मिमी तरी हवं. त्याहून कमी ठेवलं तर उडत्या रस्त्याला चेन एकमेकींना घासतात. आता चिमट्याची डावी भुजा आड येते. ती तापवून बाहेर वाकवायचा मोह होतो, तो टाळा. तापवलेली नळी तिथेच चिरते. मोठ्या गाडीचा रुंद चिमटा बघावा, पिव्हटला लेथवरून बुश करून घ्यावेत आणि चाक गाडीच्या मध्यरेषेत येईल असे स्पेसर टाकावेत. दोरी लावून पुढचं-मागचं चाक एका रेषेत आहे का हे बघितल्याशिवाय चेन चढवू नये.

तीन चेन ताणायचा क्रम ठरलेला आहे. आधी मागचा एक्सल सरकवून इंजिनची चेन, दोन-अडीच सेंटिमीटर ढील ठेवून. मग मधला शाफ्ट त्याच्या खाचेत सरकवून सायकलची चेन. शेवटी मोटर सरकवून बारीक चेन. उलट्या क्रमाने केलं तर प्रत्येक वेळी आधीचं बिघडतं. म्हणून प्लेटवर शाफ्टला आणि मोटरला वेगवेगळ्या लांब खाचा हव्यातच.

बॅटरीसाठी लिथियम फेरो फॉस्फेटचे ३२७०० मापाचे, ६ अँपिअर-तासांचे सेल घ्यावेत. कोकणातल्या उन्हात हे रसायन जास्त निश्चिंत ठेवतं. १६ मालिकेत आणि प्रत्येक ठिकाणी ४ समांतर, एकूण ६४ सेल. ५१.२ व्होल्ट, २४ अँपिअर-तास, म्हणजे सव्वा युनिटच्या जवळपास. सेलचंच वजन नऊ किलोंच्या वर भरतं, पेटीसकट बारा. ऐंशी टक्के वापरले तर सपाटीला हिशेबाने पन्नासच्या आसपास किलोमीटर निघतात. चढउताराच्या बागेत वीसच धरा.

सेल जोडायला ०.१५ बाय ८ मिमीची निकेल पट्टी. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी सर्रास शुद्ध म्हणून विकली जाते. पट्टीवर कानसेने ओरखडा काढून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी ओरखड्यात तांबूस दिसलं तर ती पट्टी परत करा. खाऱ्या हवेत तशी पट्टी आतून गंजते, अडथळा वाढतो आणि एकाच कोपऱ्यातले सेल तापत राहतात. जोड स्पॉट वेल्डिंगचे. सोल्डरिंगच्या इस्त्रीने सेलचं सील भाजतं. जोडण्याआधी प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोजून सारख्या व्होल्टेजचेच समांतर लावायचे, आणि हातातलं कडं, अंगठी, घड्याळ आधी काढून ठेवायचं. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा ५८ व्होल्टचा झटका मोठा नसेल, पण पाना दोन टोकांवर पडला तर तो वितळतो आणि ठिणग्या डोळ्यात जातात.

बीएमएस (सेलांवर लक्ष ठेवणारं संरक्षक सर्किट) १६ मालिकेचा, ४० अँपिअरचा, तापमानाच्या वायरीसकट. त्याच्याही आधी, बॅटरीच्या अगदी तोंडाशी, फ्यूज. इथे मोटारीतला पात्याचा फ्यूज चालत नाही. तो ३२ व्होल्टसाठी असतो. ५८ व्होल्टला तुटला तरी आत ठिणगी पेटती राहते. ८० व्होल्ट डीसी किंवा त्याहून वरच्या रेटिंगचा घ्या. मुख्य वायर ६ चौरस मिमी तांब्याची. कंट्रोलरची कपॅसिटरं भरताना जोडणीत ठिणगी उडते, त्यासाठी आत रेझिस्टर असलेला एक्सटी-९०-एस कनेक्टर बरा.

पेटी मागच्या सीटच्या जागी येते. हवाबंद पेटी सुरक्षित वाटते, पण दिवसा तापून रात्री गार झाली की आतल्या दमट हवेचं पाणी सुटतं आणि ते बाहेर जायला वाट नसते. जाड प्लॅस्टिकची पेटी, झाकणाला रबर, आणि तळाला दोन बारीक भोकं, आतून जाळी लावून. बीएमएसची पाटी उभी बसवायची, म्हणजे थेंब तिच्यावर साचत नाही. आणि तिच्यावर सर्किटच्या पाटीला लावतात त्या (पीसीबी) लॅकरचे दोन हात.

वायरिंगला खारा वारा सगळ्यात आधी खातो. साध्या तांब्याची वायर लगच्या (टोकाला दाबून बसवायच्या कडीच्या) आत हिरवी पडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बंदरावर होडीचं सामान विकणाऱ्या दुकानात कल्हई केलेल्या तांब्याची वायर आणि ३१६ जातीच्या स्टेनलेसचे बोल्ट मागा. लग दाबून बसवा, वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब. पेटीत शिरणारी प्रत्येक वायर आधी थोडी खाली झोळ देऊन मग वर आत न्यावी. थेंब झोळाच्या तळाला गळून पडतो. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा बोल्ट कोरडा आवळला तर एका पावसाळ्यात तो असा धरतो की डोकंच तुटतं. अँटी-सीझ पेस्ट किंवा निदान ग्रीस लावल्याशिवाय एकही बोल्ट आत जाऊ नये. चिमट्याची आणि चेसिसची नळी आतून उघडी असते, तिच्यात जुनं ऑईल ओतून सगळीकडे फिरवून निथळून घ्यावं.

गाडीची १२ व्होल्टची वायरिंग जशी आहे तशी राहू द्यावी, मोठ्या बॅटरीशी तिचा संबंध नको. मोठ्या बॅटरीची निगेटिव्ह चेसिसला जोडायची नाही. दोघींत एकच दुवा हवा, न्यूट्रलचा. न्यूट्रलमध्ये असताना गाडीचा स्विच दिव्याची वायर चेसिसला टेकवतो. तिथेच १२ व्होल्टच्या रिलेची कॉईल जोडा, कॉईलवर १एन४००७ डायोड उलटा, आणि रिलेच्या संपर्कांतून कंट्रोलरची किल्लीची वायर न्या. आता गिअर पडलेला असताना मोटर चालूच होत नाही. ब्रेकचा स्विच कंट्रोलरच्या कट-ऑफ वायरीला जोडलाच पाहिजे. फ्रीव्हीलमुळे मोटर उतारावर गाडी आवरत नाही, त्यामुळे ओझं घेऊन उतरताना इंजिन चालू करून दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचं.

मोटरवर पळताना गिअर टाकायचा असेल तर आधी इंजिन चालू, मग क्लच दाबून पहिला ओलांडून दुसरा, आणि क्लच सावकाश. बंद इंजिनावर गिअर टाकला तर मागचं चाक जाम होतं. आणखी एक, न्यूट्रलमध्ये गाडी ढकलली जात असताना गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतो, पण ऑईल पंप क्रँकवर असल्यामुळे बंद असतो. बागेतल्या फेऱ्यांना आतलं उडणारं ऑईल पुरतं, मात्र त्याची पातळी कायम वरच्या खुणेला हवी.

पहिल्यांदा वीज देताना मागचं चाक उचललेलं आणि मुख्य फ्यूजच्या जागी ५ अँपिअरचा. मोटर आणि कंट्रोलरच्या तीन जाड वायरींचे रंग जुळले म्हणजे जोडणी बरोबर, असं नसतं. हॉलच्या वायरी तशाच ठेवून जाड वायरींच्या सहाही अदलाबदली करून बघा. बरोबर जोडीला मोटर गुळगुळीत सुरू होते आणि चाक मोकळं असताना दोन-तीन अँपिअरच घेते. मोटर थरथरली, किंवा फिरत असूनही करंट जास्त असला तर जोडी चुकीची. सहापैकी एकही नीट चालली नाही तर हॉल तपासा. ५ व्होल्ट पोचतात का, आणि मोटर हाताने फिरवताना तिन्ही वायरी शून्य-पाच अशा बदलतात का. एखादी अडकलेली दिसली तर बहुतेक वेळा दोष सेन्सरचा नसून पांढऱ्या प्लगात शिरलेल्या पाण्याचा असतो. तो सुकवून डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा.

देखभालीत आठवड्याला एक तपासणी चुकवू नये. मागचं चाक उचलून हाताने पुढे फिरवा. मोटर जागची हलता कामा नये. हलली तर फ्रीव्हील वाळू-मिठाने धरलंय, तेव्हा गाडी इंजिनवर पळवायची नाही. आधी ते केरोसीनमध्ये धुवा, नाहीतर बदला. सायकलच्या दुकानात ते हातोहात मिळतं.

आणि इंजिनला विसरू नये. मोटरची सवय लागली की इंजिन पंधरा-पंधरा दिवस बंद राहतं. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात ठेवली की पाणी तळाला बसतं आणि टाकी आतून गंजते, कार्बोरेटरचा जेट तुंबतो. आठवड्यातून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत, पंधरा-वीस मिनिटं ओझ्यावर चालवावं, म्हणजे ऑईलमधली वाफही निघून जाते. आगोटीच्या कामांत टाकी गळ्यापर्यंत भरणं किंवा पुरती रिकामी करून कॉक बंद करणं आणि फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काढणं हेही धरा. मोठी बॅटरी निम्मी भरून, वायर काढून, घरात कोरड्या जागी ठेवायची. मांगरात (बागेतल्या खोपटात) विजांच्या दिवसांत चार्जर लावून ठेवू नये. ५ अँपिअरच्या चार्जरला पाच तास लागतात, तेवढा वेळ जवळ कुणीतरी असताना घरीच चार्ज करावी.